ग्राफिक्स कार्डाची कुळकथा

उपयोजित कलेच्या महाविद्यालयात मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळाला, की मध्यमवर्गीय घरात कागद, रंग आणि कुंचले यांच्या यादीबरोबर आता संगणकाचीही एक यादी येऊन पडते. आणि त्या यादीतील प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क या बाबी दुकानदाराच्या शब्दावर विसंबून एकदाच्या निकालात निघाल्या, तरी ग्राफिक्स कार्ड या एका जिनसापाशी मात्र सारा व्यवहार अडून राहतो. त्याची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पलीकडे कोठेही असू शकते. दुकानदार एक सांगतो, वरच्या वर्गातील विद्यार्थी दुसरेच सांगतात, आणि ज्या वडिलांना ही रक्कम मोजावयाची असते त्यांना हे कार्ड नेमके करते काय, एवढे मात्र कोणीच सांगत नाही. मुलाची विद्या चित्राची, तेव्हा चित्राचे यंत्र जितके महाग तितके त्या विद्येला उपकारक, असा सोयीचा तर्क मग केला जातो. हा तर्क किती पोकळ आहे हे त्या कार्डाचे पूर्ववृत्त पाहिल्यावाचून ध्यानात यावयाचे नाही; कारण हे यंत्र चित्रकारासाठी जन्मास आलेले नाही, आणि गेल्या चार दशकांत ते ज्यांच्या आश्रयाने वाढले त्या आश्रयदात्यांच्या नामावळीत चित्रकाराचे नाव क्वचितच आढळते.

आयबीएम कंपनीने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा पडद्यावर काही उमटविण्यासाठी तिने दोन निरनिराळी कार्डे देऊ केली होती. पहिले कार्ड निव्वळ मजकुराचे. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे अक्षरांची दोन हजार घरे, आणि प्रत्येक घरात कार्डाच्या पोटात कारखान्यातच कायमच्या भरून ठेवलेल्या २५६ चिन्हांपैकी एक चिन्ह. त्यांखेरीज एखादी तिरपी रेघ ओढण्याचीही मुभा नव्हती. घर ९ बिंदू रुंद आणि १४ बिंदू उंच असल्यामुळे रोमन अक्षर त्यात मोठे सुबक दिसे, आणि दिवसभर आकड्यांच्या वह्या पाहणाऱ्या हिशेबनिसांना एवढेच हवे होते. दुसरे कार्ड रंगाचे. त्यात चित्र काढता येई, पण ते ३२० बाय २०० बिंदूंच्या पटावर आणि एका वेळी अवघ्या ४ रंगांत. अधिक बिंदू हवे असतील तर ६४० बाय २००, पण मग रंग दोनच. याचे कारण सरळ जमाखर्चाचे होते. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग कार्डाला आपल्या मेमरीत धरून ठेवावा लागतो, आणि त्या कार्डावर मेमरी होती १६ किलोबाइट; वरीलपैकी कोणतीही वाटणी घेतली तरी हिशेब नेमका सोळा हजार बाइटांचा होतो. बिंदू वाढवावेत तर रंग घटावेत आणि रंग वाढवावेत तर बिंदू घटावेत, हा जो नियम येथे प्रथम दिसला तो पुढे जवळजवळ वीस वर्षे या धंद्यावर राज्य करीत राहिला. या कार्डाच्या बहुपरिचित चौकडीत सायन, मॅजेंटा आणि काळा असे छापखान्याच्या चार शाईंपैकी तीन रंग होते, पण चौथा पिवळा नसून पांढरा होता. रंगांची पारख असणारे कोणी ही चौकडी ठरविताना तेथे उपस्थित नव्हते, असे समजावयास हरकत नाही.

एकात अक्षर सुबक पण चित्रास बंदी, दुसऱ्यात चित्रास मुभा पण अक्षर खडबडीत, अशी ही वाटणी होती. आणि ती मोडण्याची पहिली तजवीज ज्याने केली तो चित्रकार नव्हता आणि खेळांचा शौकीनही नव्हता, तर आपल्या लिपीवाचून अडलेला एक विद्यार्थी होता. व्हॅन सुवन्नुकुल या थाई भाषकाला आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे काम आयबीएमच्या संगणकावर थाई लिपीत करावयाचे होते. थाई लिपी ब्राह्मीच्याच कुळातील. तिच्यातही स्वरचिन्ह व्यंजनाच्या डोक्यावर चढते, पायाशी उतरते, आणि कधी डोक्यावरच्या चिन्हाच्याही वर उच्चाराचा चढउतार दाखविणारी खूण येऊन बसते. २५६ ठरीव चिन्हांच्या दप्तरात तिची नोंद नव्हती, आणि रंगीत कार्डावर अक्षराच्या वाट्याला येणाऱ्या ८ बाय ८ बिंदूंच्या घरात तिचा डोलारा मावत नव्हता. तेव्हा त्यांनी १९८२ साली स्वतःच एक कार्ड तयार केले: ७२० बाय ३४८ बिंदू, रंग एकच, परंतु प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे पेटविण्याची आणि विझविण्याची सोय, आणि ६४ किलोबाइट मेमरी, म्हणजे पडद्याची दोन पूर्ण पृष्ठे एकाच वेळी स्मरणात राहावीत एवढी. केव्हिन जेन्किन्स यांच्या भागीदारीत त्यांनी कॅलिफोर्नियात हर्क्युलिस ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला, त्यातील आकडे आणि आलेख दोन्ही या कार्डावर स्वच्छ दिसू लागले, आणि कचेऱ्यांनी ते हातोहात उचलले. लिपीसाठी निघालेले कार्ड हिशेबनिसाच्या पैशावर जगले. आणि कार्ड एका गरजेतून निघावे व दुसऱ्याच्या गल्ल्यावर पोसले जावे, हा या इतिहासातील शिरस्ता तेव्हाच पडला.

आपल्याकडे लिपीचा हाच प्रश्न अधिक उग्र रूपाने उभा होता. मराठी मुद्रणाच्या गाठीशी तोवर दीडशे वर्षांची परंपरा होती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागराने त्याच शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी खिळ्यांना असे सौष्ठव आणले, की त्या छापखान्याची संस्कृत पुस्तके देशोदेशींच्या ग्रंथालयांत मानाने ठेवली गेली. परंतु हे सारे सौष्ठव जुळाऱ्याच्या बोटांवर उभे होते. शेकडो खान्यांच्या केसेसमधून जोडाक्षरे, रफार, वेलांट्या आणि उकार वेचून तो ओळ उभी करी. कोणता खिळा कोणत्या खिळ्याशेजारी बसतो आणि कोणता कोणाखाली सरकवावा लागतो हे ज्ञान त्याला वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने आलेले असे, आणि संगणकाच्या पडद्यामागे हे ज्ञान ठेवावयास जागाच नव्हती. ‘वर्त्स्य’ या शब्दातील अखेरच्या जोडाक्षरात चार व्यंजने एकमेकांच्या खांद्यावर बसलेली आहेत. एका घरात एक चिन्ह एवढेच जाणणाऱ्या कार्डाने त्याचे काय करावे?

कानपूरच्या आयआयटीत या विषयावर जे संशोधन चालले होते त्यातून १९८३ च्या सुमारास देवनागरीत चालणारे टर्मिनल सिद्ध झाले. पुढे १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाल्यावर ही विद्या तेथे आली, आणि मोहन तांबे यांच्या गटाने तिला संगणकात बसणाऱ्या एका कार्डाचे रूप दिले. तेच जिस्ट कार्ड. सी-डॅकचा लौकिक झाला तो ‘परम’ या महासंगणकामुळे, आणि ते रास्तच आहे. परंतु कचेरीतल्या साध्या टेबलापर्यंत त्या संस्थेचे जे काम प्रत्यक्ष पोहोचले ते या कार्डाच्या रूपाने, आणि त्याचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही असे मला वाटते. त्याची युक्ती अशी होती. डीबेस किंवा वर्डस्टारसारखा परदेशी प्रोग्रॅम आपल्या समजुतीने नेहमीप्रमाणेच अक्षरांचे क्रमांक पडद्याकडे धाडी. त्याला देवनागरीचा गंधही नसे. मधल्या वाटेवर बसलेले हे कार्ड ते क्रमांक उचलून, त्यांची जोडाक्षरे बांधून, रफार योग्य जागी चढवून मगच मजकूर पडद्यावर मांडी. म्हणजे जुळाऱ्याची उमेदवारी कार्डाने केलेली होती. याचसाठी जी संकेतप्रणाली आखली गेली तिला १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. इंग्रजीचे २५६ पैकी पहिले १२८ क्रमांक तसेच ठेवून उरलेल्या निम्म्यात भारतीय वर्णमाला बसवावी, आणि ब्राह्मीकुळातील सर्व लिप्यांसाठी एका वर्णाला एकच क्रमांक असावा, हे त्या प्रणालीचे मर्म होय. त्यामुळे देवनागरीत टंकलेला मजकूर नुसती लिपी पालटून बंगाली किंवा तेलुगू अक्षरांत पाहता येई. भाषावार प्रांतरचनेच्या वादांनी दमलेल्या देशात एका लहानशा कार्डाने ही लिप्यांची सोयरीक जमवावी, यातील मौज त्या काळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. मात्र एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. मजकुराच्या ठरीव घरांची शिस्त या अक्षरांना पाळावी लागे, तेव्हा ते अक्षर दप्तराचे होते; सुलेखनाचा डौल त्यात शोधण्यात अर्थ नव्हता.

डौल ज्यांच्या धंद्याचा विषय होता त्यांची कैफियत वेगळी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा वर्ग निघाला आणि १९६१ साली त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. या अवधीत आणि त्यापुढेही वीसेक वर्षे विद्यार्थ्याचा सरंजाम म्हणजे रूलिंग पेन, सेट स्क्वेअर, पोस्टर कलर, सेबलचे कुंचले आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडे एअरब्रश. या वस्तूंच्या निवडीत एक गोष्ट अशी होती जी आज उरलेली नाही: दुकानात उभे राहून कुंचला पाण्यात बुडवावा, झटकावा, आणि त्याचे टोक जुळते की नाही हे डोळ्यांनी पाहावे, म्हणजे परीक्षा संपली. विकणाऱ्याच्या शब्दाची गरज नव्हती.

या सरंजामाची सद्दी संपविणारे यंत्र आले १९८४ मध्ये, आणि विशेष असे की त्यात ग्राफिक्स कार्ड मुळी नव्हतेच. ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ बिंदूंचा आणि शुद्ध कृष्णधवल होता. करड्या छटेचीही सोय नव्हती, आणि हा संपूर्ण पडदा २२ किलोबाइटांहून कमी मेमरीत मावत असे. परंतु त्या पडद्यावर कागदाचे पान कागदासारखे दिसे, आणि १९८५ साली आल्डस कंपनीचा पेजमेकर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणि ॲपलचा लेसर प्रिंटर हे तिघे एकत्र येताच डेस्कटॉप पब्लिशिंग हा नवा धंदा उभा राहिला. अक्षराचा आकार बिंदूंनी न साठविता वक्ररेषांच्या गणिताने साठवावा, आणि पडदा कितीही ओबडधोबड असला तरी छापणाऱ्या यंत्राने तो आकार आपल्या पूर्ण सूक्ष्मतेने काढावा, हे या क्रांतीचे खरे रहस्य. म्हणजे ग्राफिक डिझाइनच्या धंद्यातील गेल्या शंभर वर्षांतले सर्वांत मोठे स्थित्यंतर पडद्यामागील चित्रशक्तीच्या बळावर झालेच नाही, तर अक्षराविषयीच्या एका नव्या कल्पनेच्या बळावर झाले. आणि कार्ड निवडताना जे विद्यार्थी रात्र रात्र जागतात त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात ही लाट आली तेव्हा ती मॅकिंटॉशपेक्षा स्वस्त संगणकांवर, पेजमेकर आणि कॅनडाचा कोरलड्रॉ यांच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी घेऊन आली. खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या, गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली, लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सर्व काही तेथे होऊ लागले. तरीही मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ ही जुनी बाब आजतागायत छापली जाते.

रंगाची गोष्ट मात्र निराळी, आणि कार्डाच्या इतिहासात उपयोजित चित्रकाराची खरी गरज जर कधी निर्णायक ठरली असेल तर ती येथेच. आयबीएमच्या १९८७ च्या व्हीजीए कार्डाने ६४० बाय ४८० बिंदूंत १६ रंग, किंवा ३२० बाय २०० बिंदूंत २५६ रंग देऊ केले. आलेखाला हे विपुल होते, पण माणसाच्या गालावरची छटा २५६ रंगांत नीट उतरत नाही. १९९० मध्ये फोटोशॉप आला, काही वर्षांतच तो विंडोजवरही चालू लागला, आणि लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी एक बाइट देऊन होणारे १ कोटी ६७ लाख रंग पडद्यावर एकदम दिसावेत ही मागणी पुढे आली. आता हिशेब असा होतो: ६४० बाय ४८० बिंदूंना प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे सुमारे ९ लाख, हे १ मेगाबाइटच्या कार्डात मावते. ८०० बाय ६०० ला १४ लाखांहून अधिक, म्हणजे २ मेगाबाइटचे कार्ड हवे. १०२४ बाय ७६८ ला २३ लाखांच्या वर, म्हणजे दोनात भागत नाही, चारावर जावे लागते. १९९५ च्या आसपास ज्याला ग्राफिक डिझाइन शिकावयाचे होते त्याच्यासाठी कार्डाची निवड म्हणजे हे एवढेच गणित होते, ते कागदावर पाच मिनिटांत सुटत असे, आणि त्याचे उत्तर ज्याच्या खिशाला परवडेल त्याने त्याप्रमाणे वागावे असा स्वच्छ मामला होता.

याच्या जोडीला आणखी एक सूक्ष्म बाब होती. त्या काळचे काचेच्या नळीचे मॉनिटर कार्डाकडून अंकांत नव्हे, तर कमीजास्त होणाऱ्या विजेच्या दाबाच्या रूपाने चित्र घेत. आणि अंकांचे असे रूपांतर करणारा भाग जर हलक्या प्रतीचा असेल तर बारीक टाइप पडद्यावर धूसर दिसे, शिवाय सेकंदाला ६० वेळांपेक्षा अधिक वेगाने पडदा पुन्हा रंगविण्याची ऐपत कार्डात नसेल तर तो लुकलुके आणि संध्याकाळपर्यंत डोके धरे. माँट्रियलच्या मॅट्रॉक्स कंपनीने १९९५ मध्ये काढलेले मिलेनियम हे कार्ड या दोन्ही गुणांमुळे डीटीपीवाल्यांत नावाजले गेले. अक्षर रेखीव दिसावे आणि डोळा दुखू नये यासाठी कोणी कार्ड घडवावे आणि त्याची किंमत ग्राहकाने खुशीने द्यावी, असा प्रसंग या इतिहासात त्यापूर्वी आणि त्यानंतर फारसा आलेला नाही. आपल्या बाजूस १९८४ च्या संगणक धोरणाने जकातीचा जाच सैल केलेला होता, १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी परवान्यांची वहिवाट मोडली, आणि १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञान करारात सामील होऊन संगणकाच्या सुट्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उठविण्याचे मान्य केले. त्यामुळे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे रेडिओच्या सुट्या भागांची जुनी पेठ होती तेथेच संगणकाच्या भागांची पेठ वसली, आणि कार्ड वेगळे घेऊन मशीन असेंबल करून घेण्याचा प्रघात पडला.

मग धनी बदलला. ३डीएफएक्स कंपनीचे व्हूडू हे कार्ड १९९६ मध्ये आले ते केवळ त्रिमितीय खेळांसाठी. साधे चित्र काढण्याचे सामर्थ्य त्यात नव्हतेच, त्यासाठी पहिले कार्ड ठेवावे लागे आणि त्याचे चित्र एका तारेने व्हूडूमधून फिरवून मॉनिटरकडे न्यावे लागे. या वळशात अक्षराची धार थोडी बोथट होई. खेळणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ काढले आणि जीपीयू ही संज्ञा जाहिरातीत गाजविली. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस ३डीएफएक्स मोडीत निघून तिची मत्ताही एनव्हिडियाकडे गेली. कॅनडाच्या एटीआयला २००६ साली एएमडीने विकत घेतल्यावर या बाजारात पुढे दीर्घकाळ दोनच घराणी उरली. या काळातील एक साधा आकडा पाहा. १६०० बाय १२०० हा तेव्हाचा मोठ्यात मोठा समजला जाणारा पट पूर्ण रंगांत दाखवावयास ६ मेगाबाइटही लागत नाहीत, आणि जीफोर्स २५६ वर मेमरी होती ३२ मेगाबाइट. याचा अर्थ, सपाट पानावर काम करणाऱ्या चित्रकाराची कार्डापाशी जी मागणी होती ती १९९९ सालीच पुरी झालेली होती. त्यापुढील सारी वाढ त्रिकोणांची आहे: खेळातील भिंती, गवत, पाणी आणि प्रकाश ज्या लक्षावधी त्रिकोणांनी रचले जातात ते सेकंदाला किती वेळा रंगवावेत याची. मालवाहू गाडीसाठी शर्यतीचे बैल विकत घ्यावेत तसा उद्योग त्यानंतर कित्येक विद्यार्थ्यांनी केला.

लिपीनेही याच सुमारास कार्डाची साथ सोडली. विंडोज २००० बरोबर देवनागरीची जोडाक्षरे बांधण्याचे काम कार्यप्रणालीनेच अंगावर घेतले, आणि त्यासोबत आलेला मंगल हा टंक रचला होता र. कृ. जोशी यांनी, ज्यांनी आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना अक्षराकडे पाहावयास शिकविले. जिस्ट कार्डासाठी राखलेला खाचा त्यानंतर रिकामा राहू लागला.

चित्रकार पुन्हा कार्डाच्या दारी आला तो २००८ च्या सुमारास, आणि तोही उपऱ्यासारखा. एनव्हिडियाने २००६ मध्ये कूडा जाहीर करून त्रिकोण रंगविणारी ती प्रचंड अंकशक्ती इतर गणितासाठी खुली केली होती; फोटोशॉपच्या सीएस ४ आवृत्तीने २००८ मध्ये चित्र फिरविणे आणि मोठे करणे ही कामे कार्डाकडे सोपविली, आणि २०१० मध्ये प्रीमियरने चलच्चित्राच्या संपादनात त्याची मदत घेतली. चलच्चित्र, ॲनिमेशन आणि त्रिमितीय रचना करणाऱ्यांना यातून खरोखरच बळ मिळाले. ज्या एका चौकटीला प्रोसेसर तासभर घेई ती काही मिनिटांत होऊ लागली, आणि अशा विद्यार्थ्याने उत्तम कार्ड घ्यावे यात माझे दुमत नाही. परंतु दर ठरविणारे गिऱ्हाईक याही वेळी तो नव्हता. २०१७ मध्ये, आणि पुन्हा २०२१ मध्ये, आभासी चलनाचे उत्खनन करणाऱ्यांनी कार्डे घाऊक उचलली आणि किंमती अशा चढल्या की छापील दराला कार्ड मिळणे दुरापास्त झाले. इथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये उत्खननाची ती पद्धत सोडली तेव्हा ही मागणी ओसरली, तोच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी बाजार व्यापला.

याच काळात दुसऱ्या टोकाला जे घडले त्याची मात्र जाहिरात कोणी केली नाही. २०११ पासून इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांच्या चिपमध्येच चित्राचा विभाग बसविला जाऊ लागला, आणि ॲपलने २०२० मध्ये एम १ काढताना वेगळ्या कार्डाची भानगडच मिटवून टाकली. पुस्तकाचे मुखपृष्ठ, बोधचिन्ह, पोस्टर, मासिकाचे पान, अक्षररचना, छायाचित्राचे संस्करण ही कामे या अंगभूत विभागावर आज सुखाने होतात, आणि पदवीच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग याच कामांचा असतो. रंगाच्या अचूकतेसाठी महाग कार्ड लागते ही समजूतही जुनी झाली. प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट देण्याची सोय एनव्हिडियाने अनेक वर्षे फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमांसाठी आपल्या क्वाड्रो या व्यावसायिक कार्डांपुरती राखून ठेवली होती, परंतु २०१९ मध्ये तिने ती साध्या कार्डांनाही दिली. पडद्यावरची केशरी छटा छापून आल्यावर मळकट का दिसते याचे उत्तर कार्डात नाही. ते मॉनिटरच्या रंगकक्षेत, त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये आणि चार शाईंच्या मर्यादेत आहे, आणि जो मॉनिटर एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकाची कक्षाही पुरती भरीत नाही त्याच्यामागे लाखाचे कार्ड लावले तरी ती छटा त्याला दिसणार नाही.

तेव्हा ज्यांना यंदा ही यादी पुरी करावयाची आहे त्यांना माझे सांगणे असे. उपयोजित कलेच्या पदवीला चार वर्षे लागतात आणि त्यांतील पहिले वर्ष बव्हंशी हाताच्या कामाचे असते. त्या वर्षी कार्ड घेऊन ठेवणे म्हणजे दोन वर्षांनी लागणारी वस्तू आजच्या दराने घेऊन जुनी करणे होय. टेबलावरचा संगणक घ्यावा, त्यात चित्रविभाग अंगभूत असलेला प्रोसेसर घ्यावा (इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते त्यात तो नसतो), मेमरी ३२ गिगाबाइट असावी, पॉवर सप्लाय पुढे कार्ड सोसेल एवढ्या क्षमतेचा असावा आणि कार्डाचा खाचा रिकामा ठेवावा. वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरला द्यावेत. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी ॲनिमेशनकडे किंवा त्रिमितीय कामाकडे वळला तर निदान ८ गिगाबाइट मेमरीचे कार्ड तेव्हा घ्यावे. तो अक्षराकडे आणि छपाईकडे वळला तर ते कधीच घेऊ नये. लॅपटॉपमध्ये असे मागाहून कार्ड बसविता येत नाही, म्हणून लॅपटॉप घेणाराने मात्र हा निर्णय पहिल्याच दिवशी करणे भाग आहे.